एक वार, दोन बाळं आणि म्याडमचं तोंड

"म्याडम हासल्या का गप होत्या?"

पडद्याच्या आत मी मशीनवरचा जेल पुसत होते. नुकतीच तपासून बाहेर गेलेली बाई चपला शोधत होती आणि बाकावरच्या दुसरीनं तिला हे विचारलं. मला वाटलं, माझ्या स्वभावाची चौकशी चाललीय. आपली डॉक्टरीण जरा घुमी आहे, त्याबद्दल असेल.

"गप होत्या," पहिली म्हणाली.

"किती येळ?"

"लई येळ."

"मंग पोरगीच. माझ्या नणंदेच्या टायमाला बी अशाच गप होत्या."

या कामात मला तेव्हा चार वर्षं झाली होती. चार वर्षं मी बीडमध्ये गरोदर बायकांची सोनोग्राफी करत होते, आणि आपण काही बोलत नाही म्हणजे आपण काही सांगत नाही, अशी माझी पक्की समजूत होती.

बाहेरच्या जिल्ह्यांतल्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. पोटात मुलगा आहे की मुलगी, हे सांगणं गुन्हा आहे. तसा फलक दारावर असतो, प्रत्येक तपासणीचा फॉर्म भरावा लागतो. शब्दानं, खुणेनं, कशानंही सांगायचं नाही. आमच्या जिल्ह्याला हा कायदा हवाच होता, आणि तो मी काटेकोरपणे पाळते. पण सांगण्याची वाट बंद झाली की लोक वाचायला लागतात. बायका माझं तोंड वाचत होत्या.

शकुंतला सिस्टरना मी विचारलं. त्या रोज नेकनूरहून एसटीनं येतात आणि बसमधल्या निम्म्या बायकांना नावानं ओळखतात. त्यांनी मला सगळं पंचांगच सांगितलं. मॅडमनी स्वतः पोट पुसून दिलं तर मुलगा. हातात कागद देऊन 'पुसून घ्या' म्हणाल्या तर मुलगी. 'या' म्हणाल्या तर मुलगा, 'जपून जा' म्हणाल्या तर मुलगी. एकदा तपासताना मला शिंक आली होती. तिचाही अर्थ लावला गेला, पण त्यावर एकमत झालं नाही.

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुमाला वाईट वाटंल म्हून," सिस्टर म्हणाल्या. "आन् तसंबी तुमी कुणाशी बोलता?"

हे खरं होतं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. दरवर्षी प्रगतिपुस्तकात बाई 'शांत मुलगी' असं लिहायच्या आणि घरी त्याचं कौतुक व्हायचं. मराठी घरात होती, पण अनोळखी माणसाशी बोलायची मराठी मला नोकरीत आल्यावर शिकावी लागली. पहिल्याच महिन्यात मी एका बाईला विचारलं होतं, "मूव्हमेंट्स फील होतात का?" ती नम्रपणे म्हणाली, "आमच्या गावात न्हाई होत." त्यानंतर मी कमी बोलायचं ठरवलं. कमी बोललं की चुका कमी होतात, असा तो हिशोब.

त्या दिवसापासून मी प्रत्येकीचं पोट स्वतः पुसून द्यायला लागले, आणि प्रत्येकीला 'या' म्हणायला लागले. तोंडाचं काय करायचं ते मात्र सुचलं नाही.

जुळ्यांच्या तपासणीत माझा हात चांगला आहे. हे मी न लाजता लिहिते, कारण यासाठी मी बरंच शिकले आहे आणि आता आजूबाजूच्या तालुक्यांतून जुळी, कधी तिळी असलेल्या बायका माझ्याकडे पाठवल्या जातात. लोकांना वाटतं, दोन आहेत हे ओळखणं हेच कौशल्य. ते पहिल्या मिनिटात दिसतं. खरा प्रश्न त्यानंतरचा असतो: वार एक की दोन?

वार म्हणजे आईच्या रक्तातून बाळाला पोसणारा अवयव. बाळंतपणात बाळामागून पडते ती. दोन बाळांना दोन वारा असल्या तर दोन स्वतंत्र संसार. काळजी असते, पण घोर नसतो. वार एकच असली तर दोघांच्या रक्तवाहिन्या तिच्यावर एकमेकींना जोडलेल्या असतात आणि वाटणी बिघडू शकते. एकाकडे जास्त रक्त जातं, त्याच्याभोवती पाणी साचत जातं. दुसऱ्याचं पाणी आटतं, आणि पिशवीचा पडदा त्याच्या अंगाला चिकटून बसतो. आईला काही कळत नाही. दुखत नाही, ताप नाही. पोट थोडं लवकर वाढतं, त्यावर शेजारणी म्हणतात, दोन आहेत ना, वाढणारच. म्हणून एका वारेच्या जुळ्यांना चौथ्या महिन्यापासून दर पंधरा दिवसांनी तपासावं लागतं. पंधरा म्हणजे पंधरा. महिन्यानं आलं तर कधीकधी मोजायला काही उरलेलं नसतं.

एक वार की दोन, हे तिसऱ्या महिन्यात सर्वांत स्वच्छ दिसतं. दोन बाळांमधला पडदा वारेला जिथं टेकतो तिथं बघायचं. जाड, पाचरीसारखा असेल तर वारा दोन. कांद्याच्या पापुद्र्याएवढा पातळ असेल तर एक. हे बघायला वेळ लागतो. श्वास धरून बघावं लागतं. मी तेव्हा गप्प असते.

जुळ्यांबद्दल आमच्याकडे मतं भरपूर आहेत. जोडकेळं खाल्लं म्हणून जुळी झाली, हे तर ठरलेलंच. एका सासूनं मला ते केळं कुणी दिलं त्या भाचीचं नाव, गाव आणि स्वभावही सांगितला होता. एक नवरा दोन बाळांच्या दोन वेगळ्या फाइली करा म्हणून हटून बसला; "उद्या भांडन नको," असं त्याचं म्हणणं.

आणि एक म्हातारे होते, मेंढरं वळणारे. सुनेला घेऊन आले होते. दोन बाळं, एक वार. मी काही बोलायच्या आधी ते म्हणाले, "मेंढीला दोन कोकरं असली की येक दांडगं निघतं, येक किडमिडं. दांडग्याला बाजूला धरावं लागतंय, मंग दुसऱ्याला प्यायला मिळतंय." माझ्या अख्ख्या विषयाचं सार त्यांनी बाकावर बसून सांगितलं होतं. मी हसून मान हलवली, कागदावर पंधरा दिवसांनंतरची तारीख लिहिली, ती वाचून दाखवली आणि पुढच्या बाईला बोलावलं.

ते आले सहा आठवड्यांनी. चाऱ्यासाठी मेंढरं घेऊन लांब गेले होते. मी मशीन लावलं तेव्हा एकच ठोका होता.

"तारीख दिली होती ना मी?" मी म्हणाले. आवाज माझ्या नकळत चढला होता.

म्हाताऱ्यांच्या आवाजात राग नव्हता. "तारीख सांगितली व्हती तुमी," ते म्हणाले. "कावून यायचं ते न्हाई सांगितलं. सांगितलं असतं तर मेंढरं भावाच्या पोराकडं दिली असती की."

एक बाळ नऊ महिन्यांपर्यंत पोचलं, ते बरं आहे.

वाटेल की एवढं झाल्यावर मी बोलायला शिकले असेन. नाही शिकले. मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहायला लागले, दोनदा अधोरेखित करायला लागले. माणूस आपल्या खोडीला असाच पर्याय शोधतो.

सुरेखा आली ती दसऱ्याच्या नंतर. शिरूर कासारच्या बाजूच्या एका वस्तीवरची, बाविशीची, पहिली मुलगी तीन वर्षांची. साडेचार महिने झाले होते. सोबत सासू गयाबाई आणि नवरा अंकुश. गयाबाई म्हणजे काटक बाई. स्वतः पंधरा हंगाम ऊस तोडलेला. तळहात बघितला तरी कळावं. अंकुश भिंतीला टेकून मोबाइलवर मुकादमाशी बोलत होता. टोळ्यांच्या गाड्या साखर कारखान्यांकडे निघायचे दिवस होते. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बायको नसली तर एकट्या नवऱ्याचा अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला टोळीत मान नसतो. पोटुशी बाई उसात जाते ती या अर्ध्या-पुऱ्याच्या गणितामुळे, हौसेनं नाही.

मी तपासायला घेतलं. दोन बाळं. पडदा पातळ, वार एक. एकाभोवतीचं पाणी वाजवीपेक्षा जास्त, दुसऱ्याकडे कमी. अजून धोक्याच्या रेषेवर दोघंही पोचली नव्हती, पण निघाली होती. मी दोनदा मोजलं. मग मूत्राशयं बघितली, रक्तप्रवाह बघितला. तिसऱ्यांदा पाणी मोजलं. पंचवीस मिनिटं गेली असतील. त्यात मी सुरेखाला "कुशीवर व्हा" आणि "सरळ व्हा" एवढंच म्हणाले.

बाहेर येऊन मी कागदावर लिहिलं: एका आठवड्यानं तपासणी, अत्यंत आवश्यक. अधोरेखित केलं. गयाबाईंना म्हणाले, "एक वार आहे. आठवड्यानं आणा. नक्की."

गयाबाईंनी माझ्याकडे नीट बघितलं. मग सुनेकडे. मग कागदाची घडी घालून तो पिशवीत ठेवला.

आठवडा झाला. सुरेखा आली नाही. नवव्या दिवशी मी सिस्टरना फोन लावायला सांगितलं. त्यांनी स्पीकर चालू केला, म्हणून पुढचं मी ऐकलं.

"कावून यावं, सिस्टर?" गयाबाई म्हणत होत्या. "परवा गाडी निघती आमची."

"आवं, म्याडमनी आठ दिसांनी बोलावलं व्हतं ना!"

"म्याडमनी सांगितलंय सगळं."

"काय सांगितलं?"

"दोनी बी पोरी हायेत."

सिस्टरनी माझ्याकडे बघितलं. मी जोरात नकारार्थी मान हलवली.

"म्याडम असलं कुणालाच सांगत न्हाईत, मावशी. कुणी सांगितलं तुमाला?"

"तोंडानं कशाला सांगतेल? अर्धा घंटा गप होत्या. हूं न्हाई, चूं न्हाई. आन् एक वार असली की दोनी एकसारखीच असत्यात, आमच्या वस्तीवरच्या पोरानं मोबाइलवर दाखिवलं. म्हंजे दोन पोरी. पयली एक हायेच. आता त्यात काय तपासायचं? व्हायचं ते व्हईल."

मी त्या बाळांसाठी पंचवीस मिनिटं गप्प होते. त्यामुळेच ती बाळं घरच्यांनी आधीच सोडून दिली होती. आणि एका वारेची जुळी एकसारखी असतात, ही माहिती बरोबर होती. त्यांना कळलेली तेवढी एकच खरी गोष्ट, आणि तीही माझ्याकडून कळलेली नव्हती.

सिस्टरनी डोकं चालवलं. "बरं, मावशी, कारखान्यावर काय दुखलं-खुपलं तर तिथले डॉक्टर जुने कागद मागतेत. फाइल हितंच राहिलीय. उद्या येऊन घेऊन जावा. सुरेखाला बी आना, सही लागती."

सही लागत नव्हती. मी काही बोलले नाही. कधीकधी माझ्या गप्प बसण्याचा उपयोगही होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला ते तिघं आले. मी सुरेखाला आत घेतलं. एका बाळाभोवती पाणी इतकं झालं होतं की मोजपट्टी टोकापर्यंत गेली. दुसरं गर्भाशयाच्या भिंतीला चिकटल्यासारखं एका जागी होतं. त्याचं मूत्राशय इतकं रिकामं की दिसेना. हृदय चालू होतं, दोघांचंही.

याच्यावर इलाज आहे. पुण्यात काही डॉक्टर बारीक दुर्बीण आत घालून लेसरनं वारेवरच्या त्या जोडरक्तवाहिन्या बंद करतात. मग वाटणी थांबते. ते वेळेत व्हावं लागतं, आणि सुरेखाची वेळ ही होती. मी आतूनच पुण्याला फोन केला. "आज पाठवा," असं उत्तर आलं. तिथली सोय, सरकारी योजनेचे कागद, सगळं सिस्टरनी पंधरा मिनिटांत जुळवलं. त्या बाबतीत आमच्या दवाखान्याचा हात कुणी धरू शकत नाही.

मग मी अंकुश आणि गयाबाईंना आत बोलावून सांगितलं, माझ्या पद्धतीनं. म्हणजे कागदावर चित्र काढलं, दोन गोल, एक वार, बाण. आणि 'कॉम्प्लिकेशन' हा शब्द तीनदा वापरला. अंकुश चित्राकडे बघत राहिला. गयाबाईंनी चित्राकडे बघितलंच नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"भाईर बसून ठरवतो," त्या म्हणाल्या.

बाहेर हॉल भरलेला होता. पडद्याआडून मला ऐकू येत होतं.

"मुकादमाला काय सांगू?" अंकुश म्हणाला. "अर्धा कोयता म्हनलं की दुसरी जोडी घेईल तो."

"थांब जरा," गयाबाई म्हणाल्या. आणि मग आवाज चढवून, मला ऐकू यावं म्हणूनच: "सिस्टर! म्याडमला येवढंच इचारा. पेढा का जिलबी? पेढा असंल तर आत्ताच्या आत्ता पुन्याला निघतो. कोयता गेला खड्ड्यात. जिलबी असंल तर आमाला आमच्या वाटंनं जाऊ द्या."

पेढे मुलाचे आणि जिलबी मुलीची, हे इथं लहान मुलालाही कळतं. वीसेक बायका माझ्या दाराकडे बघत असणार.

शकुंतला सिस्टर आत आल्या आणि पडदा ओढून हळूच म्हणाल्या, "म्याडम, एक करा. काय बोलू नका. नुसतं दारात उभं राहून हासा."

मला पहिल्यांदा कळलं नाही. मग कळलं.

"पाच मिन्टांत अँब्युलन्समधी बसतेल," सिस्टर म्हणाल्या. "दोन जीव वाचतेल. तुमी कुटं काय सांगितलं? मानूस हासत न्हाई का?"

सिस्टर वाईट बाई नाहीत. मी पाहिलेल्या बायकांत सर्वांत चांगल्यांपैकी एक आहेत. आणि मी खरं लिहिते, मला ते करावंसं वाटलं. तत्त्वं वगैरे त्या क्षणी आठवली नाहीत. आठवलं एवढंच की हसणं सोपं आहे. बोलणं मला जमत नाही. मी दारापर्यंत गेले ती हसायच्याच तयारीनं.

दारातून समोरचा बाक दिसला. गयाबाईंच्या शेजारी एक सहा महिन्यांची पोटुशी बाई बसली होती. तिला मी तासाभरापूर्वी तपासलं होतं. तिचं सगळं उत्तम होतं, म्हणून मी पटकन आटोपलं होतं आणि हसले नव्हते, कारण हसण्यासारखं काही घडलंच नव्हतं. तिचंही लक्ष माझ्या तोंडावर होतं. मी आता हसले असते तर मघाशी न हसल्याचा अर्थ तिच्यासाठी कायमचा ठरला असता. तिच्यासाठी आणि त्या बाकावर यापुढं बसणाऱ्या प्रत्येकीसाठी. सुरेखाची दोन बाळं मी ज्या भाषेमुळे जवळजवळ गमावली होती, तीच भाषा मी स्वतः दारात उभी राहून शिकवणार होते.

सुरेखा हॉलच्या कोपऱ्यात उभी होती. बसायला जागा होती तरी उभी. या दहा दिवसांत तिला कुणी काही विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही, "कुशीवर व्हा" सोडून.

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला राहायला नको. तासाभरात ती पुण्याच्या वाटेवर होती. अंकुश सोबत गेला. मुकादमाला त्यानं वाटेत मांजरसुंब्यावरून फोन केला आणि काय बोलला ते मला कधी सांगितलं नाही. गयाबाई नातीला सांभाळायला वस्तीवर परतल्या आणि जाताना माझ्याशी बोलल्या नाहीत. लेसर झालं. आठव्या महिन्यात बाळंतपण झालं, दोन्ही बाळं जिवंत. धाकटं किडमिडं महिनाभर काचेच्या पेटीत होतं, पण हट्टी निघालं. गयाबाई त्यांना लस द्यायला स्वतः घेऊन येतात, दोन काखांत दोन, आणि लाइन मोडून पुढं घुसतात. बाळं मुली आहेत की मुलगे, ते मी इथंही लिहिणार नाही. विचारू नये.

तेव्हापासून मी मशीन चालवताना बोलते. हे डोकं, ही मांडी, आता पाणी मोजते, आता अवघड जागा आहे म्हणून जरा वेळ लागेल. बायकांना सुरुवातीला वाटलं, म्याडमला काहीतरी झालंय. हॉलमधलं पंचांग पूर्ण बंद झालेलं नाही, पण सिस्टर म्हणतात की ते आता चुकायला लागलंय, आणि चुकणाऱ्या पंचांगाला कुणी विचारत नाही.

त्या दिवशी मी दारात उभी राहिले. हात ॲप्रनच्या खिशात घातले. आणि शाळेत, कॉलेजात, या दवाखान्यात कधी बोलले नव्हते एवढ्या मोठ्यानं, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं बोलले:

"गयामावशी, मी गप्प होते ती घाबरून गप्प होते. मला पोटात पाणी कमीजास्त दिसलं आणि ते मी तुम्हाला सांगितलं नाही. ती चूक माझी. माझ्या तोंडावर मुलगा-मुलगी काही लिहिलेलं नसतं; आजवर ज्यांनी ज्यांनी ते वाचलं, त्यांनी चुकीचं वाचलं. आता कानांनी ऐका. एका विहिरीवर दोन मोटारी आहेत. एक सगळं पाणी ओढतेय, दुसरी कोरडी पडलीय. आज पुण्याला पोचलं तर दोन्ही बाळं जगायची चांगली आशा आहे. उद्या गाडीत बसलात तर दोन्ही जायची भीती आहे. ती कोण आहेत ते मी सांगणार नाही. आज नाही, कधीच नाही. आणि सही तुमची लागत नाही, मावशी. अंकुशचीही नाही. सुरेखा, इकडे ये. तुझी बाळं आहेत, तू सांग. ॲम्ब्युलन्स बोलावू?"